सात की आठ? एका प्रथिनातल्या मोजणीची गोष्ट

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसचं प्रेझेंटेशन होतं. चौथ्या स्लाइडवर मी एका प्रथिनाचं रंगीत चित्र लावलं होतं आणि आदल्या रात्री आरशासमोर चार वेळा म्हटलेलं वाक्य म्हटलं, "या प्रथिनात सात बॅक्टेरिओक्लोरोफिल असतात." बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी मान वर केली. "सात? कुठल्या सॅम्पलमध्ये?"

मी म्हटलं, "मॅडम, पुस्तकात सातच दिलेत."

"पुस्तकात आहेत गं. सॅम्पलमध्ये किती आहेत?"

मी गप्प झाले. प्रश्नच कळला नव्हता. पुस्तकातला आकडा आणि सॅम्पलमधला आकडा वेगळा असू शकतो, हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी सिनॉप्सिस मंजूर झाला नाही. "दुरुस्त्या करून पुन्हा या" असा शेरा मिळाला. पुढचे तीन महिने मी त्या एका 'सात'च्या मागे लागले आणि जुने पेपर तारखेच्या क्रमाने वाचत गेले. आज तुम्हाला त्याचीच गोष्ट सांगते. नेट-सेट किंवा पेटचा अभ्यास करताना तुम्ही असे शेकडो आकडे पाठ करता. त्यातला एखादा आकडा नेमका कुठून येतो, हे एकदा शेवटपर्यंत जाऊन बघण्यासारखं असतं.

छप्पर, पन्हळ आणि हंडा

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रकाशसंश्लेषणात प्रत्येक क्लोरोफिल रेणू स्वतःच रासायनिक काम करतो, असं सुरुवातीला वाटायचं. १९३२ मध्ये अमेरिकेत कॅलटेकमध्ये रॉबर्ट इमर्सन आणि त्यांचा विद्यार्थी विल्यम अर्नोल्ड यांनी क्लोरेला या शैवालावर प्रकाशाचे अगदी क्षणिक झोत सोडले आणि दर झोताला किती ऑक्सिजन बाहेर पडतो ते मोजलं. झोत कितीही प्रखर केला, तरी ऑक्सिजनचा एक रेणू मिळायला सुमारे २,५०० क्लोरोफिल रेणू लागत होते. म्हणजे बहुतेक क्लोरोफिल रासायनिक काम करतच नव्हते. मग ते करतात तरी काय?

१९३६ मध्ये गॅफ्रॉन आणि वोल यांनी उत्तर सुचवलं, की शेकडो रेणू प्रकाश गोळा करतात आणि ती ऊर्जा एका ठिकाणी पोहोचवतात. हे लगेच कुणाला पटलं नाही. १९५२ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे लुई डॉयसन्स यांनी आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात प्रकाशसंश्लेषी जिवाणूंमध्ये एका रंगद्रव्याकडून दुसऱ्याकडे ऊर्जा जाते हे मोजून दाखवलं. त्यानंतर ही कल्पना पक्की होत गेली.

कोकणातलं कौलारू घर डोळ्यासमोर आणा. पाऊस पडतो सगळ्या छपरावर, पण पाणी हवं असतं हंड्यात. म्हणून पागोळ्यांखाली पन्हळ लावतात. छप्पर म्हणजे प्रकाश गोळा करणारी रंगद्रव्यं. हंडा म्हणजे अभिक्रिया केंद्र, जिथे खरं रासायनिक काम होतं. छपरावरचं पाणी हंड्यात नेणारी पन्हळ, तीच आपली आजची नायिका.

ही पन्हळ हरित गंधक जिवाणूंमध्ये सापडते. हे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या, अगदी मंद उजेडाच्या जागी राहतात. ब्लॅक सीमध्ये तर ते पाण्याखाली सुमारे १०० मीटर खोलीवर सापडलेत. तिथे प्रकाशाचा कण न् कण मोलाचा. म्हणून त्यांचं छप्पर अवाढव्य असतं. त्याला क्लोरोसोम म्हणतात आणि एका क्लोरोसोममध्ये दोन लाखांच्या घरात रंगद्रव्यं असू शकतात. हंडा पेशीच्या पटलात बसलेला असतो. या दोघांच्या मधे एक छोटं प्रथिन असतं: फेना-मॅथ्यूज-ऑल्सन प्रथिन, म्हणजेच एफएमओ.

पहिला धक्का: सॅम्पलचं नावच चुकीचं

एफएमओमधले 'ओ' म्हणजे जॉन ऑल्सन. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे प्रथिन हरित जिवाणूंमधून वेगळं केलं. त्याचा मोठा गुण म्हणजे ते पाण्यात विरघळतं. पटलात रुतलेली प्रथिनं बाहेर काढणं, त्यांचे स्फटिक करणं हे त्या काळी जवळजवळ अशक्य होतं. हे मात्र पाण्यात सुखाने राहायचं आणि त्याचे चांगले स्फटिकही व्हायचे.

ज्या जिवाणूतून ते काढलं, त्याचं बाटलीवरचं नाव होतं 'क्लोरोस्यूडोमोनास एथिलिका'. नंतर १९७० च्या दशकात लक्षात आलं, की असा एकच जिवाणू मुळात नव्हताच! त्या कल्चरमध्ये दोन वेगवेगळे जिवाणू एकमेकांच्या आधाराने वाढत होते. एक हिरवा, प्रकाश वापरणारा आणि दुसरा बिनरंगाचा, गंधकावर जगणारा. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचं अन्न होता, त्यामुळे ती जोडी वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने एकाच बाटलीत नांदली आणि सगळे तिला एकच जिवाणू समजत राहिले.

१९७५ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या रॉजर फेना आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी या प्रथिनाची रचना 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली. त्या पेपरच्या शीर्षकात जिवाणूचं नाव आहे 'क्लोरोबियम लिमिकोला'. पुढच्या पेपरांमध्ये त्याच प्रथिनासमोर नाव येतं 'प्रोस्थेकोक्लोरिस एस्टुआरी'. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही तीन वेगवेगळी प्रथिनं वाटली. वहीत तीन रकाने आखले होते! प्रथिन एकच होतं, फक्त आपण त्याला कुठून काढलं हे आपल्याला हळूहळू कळत गेलं.

सॅम्पलबद्दलचा पहिला धडा मला इथे मिळाला. पण 'सात'चं काय?

सात कसे दिसले

फेना आणि मॅथ्यूज यांचं काम ऐतिहासिक होतं. क्लोरोफिलच्या जातकुळीतलं रंगद्रव्य प्रथिनाच्या आत नेमकं कसं बसलेलं असतं, हे अणूंच्या पातळीवर माणसाने पहिल्यांदाच बघितलं. त्यात दिसलं ते असं: तीन सारखी प्रथिनं एकमेकांना चिकटून एक त्रिकूट बनवतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक पिशवी आणि प्रत्येक पिशवीच्या आत सात बॅक्टेरिओक्लोरोफिल.

ही रचना २.८ अँगस्ट्रॉम विभेदनाची होती. त्या स्पष्टतेला क्लोरोफिलचं मोठं सपाट कडं ओळखू येतं, पण बारीकसारीक तपशील पुसट राहतात. शिवाय प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रमही तेव्हा माहीत नव्हता. तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डेल ट्रॉनरुड, श्मिड आणि मॅथ्यूज यांनी १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत सुधारलेली रचना दिली. चित्र कितीतरी स्पष्ट झालं. आकडा सातच राहिला. १९९७ मध्ये 'क्लोरोबियम टेपिडम' या उष्ण पाण्यातल्या जिवाणूच्या एफएमओची रचना आली. तिथेही सात.

आता तुम्हीच सांगा, दोन जिवाणू, तीन पेपर, बावीस वर्षं आणि दरवेळी सात. कुणाला शंका येईल? पाठ्यपुस्तकात सात छापलं गेलं. मी तेच वाचलं आणि स्लाइडवर टाकलं.

आठवा कुठे होता

२००४ मध्ये इस्राएलमधल्या बेन-शेम, फ्रोलो आणि नेल्सन यांनी एफएमओमध्ये आठवं रंगद्रव्य असल्याचं मांडलं. २००९ मध्ये ट्रॉनरुड आणि सहकाऱ्यांनी 'प्रोस्थेकोक्लोरिस'च्या प्रथिनाची १.३ अँगस्ट्रॉमची रचना दिली आणि आठव्यावर शिक्कामोर्तब झालं. हो, १९८६ च्या पेपरमधलेच ट्रॉनरुड! तेवीस वर्षांनी त्यांनी आपलाच आकडा दुरुस्त केला. हे मला त्या सगळ्या वाचनात सगळ्यात जास्त आवडलं.

मग इतकी वर्षं आठवा दिसला का नाही?

कारण तो पिशवीच्या आत नाही. बाकीचे सात पिशवीत नीट बंदिस्त असतात. आठवा बाहेरच्या कडेला, एका खाचेत, शेजारच्या प्रथिनाच्या अगदी जवळ सैलसर बसलेला असतो. प्रथिन वेगळं करताना आपण काय करतो ते आठवा: पेशी फोडायच्या, द्रावणं बदलायची, कॉलममधून पुन्हा पुन्हा काढायचं, म्हणजे सॅम्पल 'शुद्ध' होईल. या धुण्यात आतले सात टिकतात, आठवा बऱ्याच प्रथिनांमधून निघून जातो.

शिवाय क्ष-किरणांनी मिळणारं चित्र एका प्रथिनाचं नसतं. ते स्फटिकातल्या अब्जावधी प्रथिनांची सरासरी असतं. वर्गातल्या सगळ्या मुलांचे फोटो एकावर एक ठेवले, तर सगळ्यांना असणारं नाक स्पष्ट दिसेल, पण दोघातिघांनाच असलेला चष्मा धूसर होऊन जाईल. आठवा हा तसा चष्मा होता. धूसर ठिपका दिसला, तरी तो पाणी आहे, द्रावणातलं काही आहे की रंगद्रव्य, हे सांगता येत नाही.

२०११ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने वेगळ्याच मार्गाने मोजणी केली. त्यांनी अख्खं त्रिकूट न मोडता वस्तुमान वर्णपटमापीत उडवलं आणि सरळ त्याचं वजन केलं. स्फटिक नाही, सरासरीही नाही. तीन प्रथिनं गुणिले आठ, अशी २४ रंगद्रव्यं असलेली त्रिकुटं दिसली आणि काही रंगद्रव्यं हरवलेली त्रिकुटंही दिसली. म्हणजे मॅडमचा प्रश्न अगदी बरोबर होता. 'एफएमओमध्ये किती' या प्रश्नाला उत्तर आहे, पण 'तुमच्या नळीतल्या एफएमओमध्ये किती' हा वेगळा प्रश्न आहे.

एका रेणूने काय बिघडतं?

तुम्ही म्हणाल, सात काय नि आठ काय, एवढा काय फरक पडतो? मीही हेच म्हटलं होतं. पण आठवा कुठे बसलाय ते बघा. तो क्लोरोसोमच्या बाजूला आहे. म्हणजे छपराचं पाणी पन्हळीत जिथे पडतं, नेमका तिथला तुकडा. तोच आपण धुऊन टाकला होता.

आणि हे घडत होतं बरोबर त्याच काळात, जेव्हा एफएमओ जगभर गाजत होतं. २००७ मध्ये बर्कलीतल्या ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या गटाने (पेपरचे पहिले लेखक ग्रेगरी एंगल) 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एफएमओ ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला थंड करून त्यावर लेझरचे अतिसूक्ष्म झोत सोडले. संकेतात लाटांसारखी चढउतार दिसली आणि ती ६६० फेम्टोसेकंदांहून जास्त टिकली. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक. अर्थ असा लावला गेला, की ऊर्जा एका रंगद्रव्याकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जात नाही. ती लाटेसारखी एकाच वेळी अनेक वाटा चाचपते. यालाच क्वांटम कोहेरन्स म्हणतात. २०१० मध्ये २७७ केल्विनला, म्हणजे ४ अंश सेल्सिअसलाही अशी चढउतार दिसल्याचा पेपर आला.

मग काय विचारता! जिवाणू क्वांटम संगणक चालवतात इथपर्यंत चर्चा गेली. सिद्धांतवाल्यांनी गणितं मांडली. एफएमओ म्हणजे सात बिंदू, त्यांच्यातल्या जोडण्यांचा सात गुणिले सातचा तक्ता आणि सुरुवात पहिल्या किंवा सहाव्या रंगद्रव्यापासून. माझा सिनॉप्सिसही याच गणितावर उभा होता. विषय गरम होता, पेपर भरपूर होते, आणखी काय हवं?

आठवा आल्यावर २०११ मध्ये काही गटांनी तीच गणितं पुन्हा केली. यावेळी ऊर्जा आठव्यापासून आत सोडली, कारण जिवाणूमध्ये ती बहुधा तिथूनच येते. आठवा बाकीच्यांपासून जरा लांब आहे, त्यामुळे त्याच्याकडून ऊर्जा सावकाश आत झिरपते. या गणितांमध्ये ती गाजलेली चढउतार जवळजवळ दिसेनाशी झाली. ऊर्जा मात्र तरीही नीट पोहोचत होती!

पुढे प्रयोगांनीही बाजू बदलली. २०१७ मध्ये हॅम्बुर्गच्या गटाने खोलीच्या तापमानाला मोजमाप केलं. रंगद्रव्यांमधला इलेक्ट्रॉनिक कोहेरन्स सुमारे ६० फेम्टोसेकंदांतच संपत होता. एफएमओतून ऊर्जा जायला काही पिकोसेकंद, म्हणजे हजारो फेम्टोसेकंद लागतात. प्रवास संपायच्या कितीतरी आधी लाट विरून गेलेली असते. २०२० मध्ये या क्षेत्रातल्या बऱ्याच संशोधकांनी मिळून 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आढावा घेतला आणि मान्य केलं, की जास्त वेळ टिकणारी ती चढउतार मुख्यतः रेणूंच्या स्वतःच्या कंपनांची होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. २००७ चा प्रयोग खोटा नव्हता. चढउतार खरीच होती, ती पुन्हा पुन्हा मोजली गेली. बदलला तो तिचा अर्थ. आणि तो बदलता आला तो याच लोकांनी मोजण्याची पद्धत आणखी बारीक केली म्हणूनच. कुणी कुणाला हरवलं, अशी ही गोष्ट नाही.

मी काय बदललं

त्या तीन महिन्यांनी मी गाईडसरांकडे गेले. म्हटलं, "सर, माझा अर्धा सिनॉप्सिस गेला." सर म्हणाले, "गेला ते बरं झालं. तीन वर्षांनी गेला असता तर?" मला तेव्हा रडू येत होतं, पण आता वाटतं, त्या एका प्रश्नाने माझी तीन वर्षं वाचवली. सुधारलेल्या सिनॉप्सिसमध्ये पहिलंच काम आहे: प्रथिन वेगळं करण्याच्या प्रत्येक पायरीला किती रंगद्रव्यं उरतात ते मोजायचं. दिसायला हे काम साधं आहे, त्यात क्वांटमचं नावही नाही. पण दुसऱ्या वेळी परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच स्लाइडवर घालवला.

तुमच्यासाठी चार गोष्टी सांगते, उपदेश म्हणून नाही, मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं म्हणून.

एक. पेपर वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग वाचा. आपण तो नेहमी सोडून देतो, कारण तो कंटाळवाणा असतो. आठवं रंगद्रव्य तिथेच हरवलं होतं.

दोन. कुठलाही आकडा वहीत लिहिताना त्याच्या शेजारी चार गोष्टी लिहा: कुठला जिवाणू, सॅम्पल कसं तयार केलं, तापमान किती, कशाने मोजलं. 'एफएमओ: ७' आणि 'एफएमओ: ७, शुद्ध केलेल्या प्रथिनाचा स्फटिक, क्ष-किरण' या दोन नोंदींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तीन. तीन पेपरांत एकच आकडा आला म्हणजे तो तीनदा सिद्ध झाला, असं समजू नका. तिघांनीही एकाच प्रकारे सॅम्पल धुतलं असेल, तर चूकही एकाच प्रकारची होईल. २०११ च्या मोजणीचं मोल यासाठीच आहे, की ती वेगळ्या वाटेने आली.

चार. परीक्षेत मात्र जे पाठ्यपुस्तकात आहे, तेच विचारतील. तुमच्या पुस्तकात सात असेल तर पर्याय बघून उत्तर द्या, तिथे वाद घालू नका! पण संशोधनाला बसाल तेव्हा 'कुठल्या सॅम्पलमध्ये?' हा प्रश्न स्वतःला विचारा, दुसऱ्या कुणी विचारायच्या आधी.

२०२० मध्येच चीनमधल्या एका गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एफएमओ आणि अभिक्रिया केंद्र एकत्र जोडलेल्या अवस्थेत बघितलं, म्हणजे पन्हळ आणि हंडा एकाच चित्रात. मी तो पेपर उघडला आणि सवयीने आधी पद्धतीच्या भागावर गेले. तुमच्या वाचनात असा एखादा 'सात' असेल, कधी शंका न घेतलेला, तर या आठवड्यात त्याच्या मूळ पेपरपर्यंत जाऊन बघा. काय सापडलं ते मला जरूर कळवा.